उत्तर: व्हेप घेण्याआधी

म्हापशात सुरुवातीला कुठलं व्हेप, म्हणजे ई-सिगारेट, घेऊ, साधं पॉड की टाकीवालं, असं तुम्ही विचारलंत. सिगारेट सोडायची ठरवलीत, हे ऐकून खरंच बरं वाटलं. पण भारतात 2019 च्या कायद्याने ई-सिगारेटची आयात, विक्री, साठवण सगळं बंद आहे. पहिल्याच गुन्ह्याला विकणाऱ्याला 1 वर्षापर्यंत कैद किंवा 1 लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणजे किनाऱ्यावर जे हळूच काढून दाखवतात ते चोरटं. आतल्या द्रवात निकोटिन किती, हे विकणाऱ्यालाही सांगता येणार नाही. मग यंत्राची निवड करायची तरी कशावर?

मी दिवसाला 15 ओढत होतो. सुटलो निकोटिन गमवर. उठल्यापासून अर्ध्या तासात पहिली पेटवत असाल तर 4 मिलिग्रॅम, नाहीतर 2. डॉक्टरांना विचारूनच घ्या, हृदयाचा त्रास असेल तर नक्कीच. आणि च्युइंगगमसारखं सतत चघळू नका, मी आधी तेच केलं आणि उचक्यांनी हैराण झालो. जरा चावायचं, तिखटसर लागलं की गालात दाबून ठेवायचं, चव गेली की पुन्हा चावायचं. अर्धा तास पुरतं. गम घेण्याआधी पंधरा मिनिटं आणि गम तोंडात असताना कॉफी, सोडा, सोलकढी नको. आंबटपणामुळे निकोटिन तोंडात नीट शोषलं जात नाही. आपल्याकडे जेवणानंतरच तलफ येते, म्हणून हे मुद्दाम सांगतोय.

1800-11-2356 ही सरकारी मोफत मदतवाहिनी आहे. आजच फोन करा.