कोल्हापुरात घरावर सोलर बसवावं का? पेठेतल्यांनी, पूरपट्ट्यातल्यांनीही बोला

राजारामपुरीकर:
दीड वर्षापूर्वी गच्चीवर ३ किलोवॅटचं सोलर बसवलं. १ लाख ९० हजार गेले, केंद्राच्या सूर्यघर योजनेचं ७८ हजार अनुदान खात्यात परत आलं. तीन हजारांच्या घरातलं बिल आता स्थिर आकारापुरतं उरलंय, म्हणजे चार वर्षांच्या आत पैसे फिटतात. लोक म्हणतात, आपल्याकडं पाऊस एवढा, सोलर काय कामाचं? खरंय, दिवसाला १२ युनिट देणारी पॅनेल जुलैत चार-पाचावर येतात. पण एप्रिल-मेमध्ये महावितरणच्या लाईनीत गेलेले जादा युनिट नावावर जमा राहतात आणि पावसाळ्यात वळते होतात. हिशेब ३१ मार्चला मिटतो, म्हणजे उन्हाळा हिशेबाच्या सुरुवातीलाच येतो, हा आपला फायदा. ज्याची गच्ची मोकळी आहे त्यानं थांबू नये.

कुंभारगल्लीची_लेक:
दादा, तुमच्याकडं पुराचं पाणी येत नाही. आमच्या शाहूपुरीत २०१९ ला आलं, २०२१ ला परत आलं. कितीतरी दिवस लाईट नव्हती. शेजारच्या काकांच्या छतावर पॅनेल होती. ऊन पडल्यावर सगळी गल्ली मोबाईल घेऊन त्यांच्या जिन्यात, आणि पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारा इन्व्हर्टरच बंद! बाहेरची लाईट गेली की हेही बंद पडतं, हे बसवणाऱ्यानं सांगितलंच नव्हतं. विकताना ‘स्वतःची वीज’ म्हणायचं आणि गरजेला अंधार. ही फसवणूक आहे.

राजारामपुरीकर:
ताई, न सांगणं चूकच. पण ते बंद पडतं ते मुद्दाम. पुरानंतर वायरमन खांबावर चढलेला असतो. आपल्या छतावरनं करंट उलटा लाईनीत गेला तर तो जिवानिशी जाईल. हायब्रिड इन्व्हर्टर, म्हणजे बॅटरी जोडता येणारा, आणि बॅटरी घेतली तर घरातले दिवे-पंखे चालू राहतात.

कुंभारगल्लीची_लेक:
बॅटरीचे पैसे आपल्याच खिशातनं जातात, हेही लिहा की. माझ्या आईचं नेब्युलायझर लाईटवर चालतं. मला वर्षभराच्या बिलापेक्षा ते पुराचे दिवस मोठे आहेत. चार वर्षांत पैसे फिटतात हे गणित आमच्या घराला लागू होत नाही.

शिवाजीपेठ_कौलारू:
पुराचं सोडा, आमच्याकडं ऊनच कुठंय? दोन्ही अंगाला तीन मजली घरं, कौलांवर ऊन अकरा ते दोन. ३ किलोवॅटला बिनसावलीची ३०० चौरस फूट जागा लागते. पेठेत ती कुणाकडं आहे? शिवाय गल्लीत निम्मे भाडेकरू. ज्याला गच्ची नाही त्याच्यापर्यंत अनुदान सहसा पोचत नाही, यावर कुणीच बोलत नाही.

करवीरचा_ऊसवाला:
गावाकडं या. गोठ्यात चार म्हशी आहेत, रोज ५० किलो शेण २ घनमीटरच्या गोबर गॅसला घालतो. सहा माणसांचा दोन वेळचा स्वयंपाक त्यावर होतो आणि गॅस निघाल्यावर उरलेली स्लरी खत म्हणून उसाला जाते. थंडीत गॅस जरा कमी पडतो, एवढंच. घरची ऊर्जा म्हटलं की सगळे पॅनेलच धरून बसतात.

राजारामपुरीकर:
कौलारूवाल्यांचा मुद्दा मला खोडता येत नाही. सोसायटीच्या जिन्याला, पंपाला किलोवॅटमागं १८ हजार अनुदान आहे, पण वाड्यातल्या भाडेकरूला त्याचा उपयोग नाही. आणि ताई, ‘थांबू नये’ हे वाक्य पूरपट्ट्यासाठी मागं घेतो. तिथं आधी बॅटरीचा विचार, मग पॅनेल.

कुंभारगल्लीची_लेक:
आणि इन्व्हर्टर मीटरशेजारी तळमजल्यावर लावू देऊ नका. २०१९ ला आमचा मीटर पाण्याखाली होता.