वेल्समधलं खरं जुनं ओकचं जंगल बघायचंय, गाडी नाही, सासू-सासरे सोबत. कुठे जाऊ?

सानिका_बर्मिंगहॅम:
मंडळी, जरा मदत हवीये. मे महिन्यात सासू-सासरे येतायत आणि सासऱ्यांना (कॉलेजात बॉटनी शिकवायचे) वेल्समधलं तिथलं मूळचं जंगल बघायचंय, म्हणजे लावलेलं नाही, जुनं, ओकबिक असलेलं. मॅपवर बघितलं तर स्नोडोनियात (वेल्समधला डोंगराळ नॅशनल पार्क) हिरवे डाग ढिगाने आहेत पण त्यातलं जुनं कुठलं आणि लागवडीचं कुठलं काही कळेना. आम्ही दोघंही गाडी चालवत नाही, ट्रेननेच जाणार. सासूबाईंचे गुडघे दुखतात त्यामुळे चढ-उतार झेपणार नाहीत, पण त्यांना हॉटेलात बसवून आपण फिरायचं हेही बरं दिसत नाही ना. हाताशी दोन दिवस. का ऑक्टोबरपर्यंत थांबू? तसे ते सहा महिने आहेत इथे.

ट्रेकवेडा:
कोइड-अ-ब्रेनिनला जा की, डोलगेलाईच्या वर, प्रचंड मोठं जंगल आहे, मस्त ट्रेल्स.

रानभूल:
ट्रेकवेडा, ते माउंटन बाइकवाल्यांसाठी एक नंबर, पण सासरेबुवा तिथे जाऊन म्हणतील हे तर सगळं सूचिपर्णी लावलंय. आणि बरोबरच म्हणतील.

सानिका, वेल्समध्ये जमिनीच्या साधारण १५ टक्केच जंगल आहे आणि त्यातलंही निम्म्याच्या आसपास कॉनिफर, म्हणजे सूचिपर्णी. पहिल्या महायुद्धात लाकडाचा तुटवडा पडला, मग १९१९ मध्ये फॉरेस्ट्री कमिशन हे सरकारी वनखातं काढलं आणि सिटका स्प्रूससारखी उत्तर अमेरिकेतली भराभर वाढणारी झाडं रांगेत लावत सुटले, कित्येक ठिकाणी तर जुन्या ओकच्या जागेवरच. त्यामुळे गुगलचा हिरवा रंग काही कामाचा नाही. ऑर्डनन्स सर्व्हेचा (ब्रिटनची सरकारी नकाशा संस्था) एक्सप्लोरर नकाशा उघड, त्यात कॉनिफरची खूण वेगळी आणि रुंद पानांच्या झाडांची खूण वेगळी असते. नदीच्या घळीत, तीव्र उतारावर रुंद पानांची खूण दिसली की समजायचं इथे नांगर आणि लागवड दोन्ही पोचले नसावेत.

जागा म्हणशील तर कोइड गानलुइड. डोलगेलाईच्या उत्तरेला ए४७० रस्त्यावर गानलुइड गाव आहे, तिथून नदीच्या काठाने रायाडर डी धबधब्यापर्यंत वाट जाते, अंतर फार नाही. बँगोर-अॅबरिस्टविथ टी२ बस गावातून जाते म्हणजे तुमचं गाडीवाचून अडणार नाही. ब्रिटनच्या पश्चिम किनाऱ्याला उरलेल्या समशीतोष्ण वर्षावनाचा हा तुकडा. सेसाइल ओक, बर्च, हेझल, आणि खोड-फांदी-दगड काहीही उघडं नाही, सगळ्यावर शेवाळ, दगडफूल आणि चिमुकले नेचे. फिल्मी फर्न म्हणून एक नेचा असतो, पान पेशींच्या एकाच थराचं, आरपार दिसेल इतकं पातळ, कोरड्या हवेत टिकतच नाही. ते दाखव त्यांना, आणि भिंग घेऊन जायला सांग, कारण इथली मजा व्ह्यूत नाहीये, नाक खोडाला लावून बघण्यात आहे. पण वाट चढाची, मुळं निसरडी, सासूबाईंना नको.

आणि मेच. एप्रिलमध्ये पश्चिम आफ्रिकेतून पाइड फ्लायकॅचर येतात, ओकच्या ढोलीत घरटी करतात, सोबत रेडस्टार्ट आणि वुड वॉर्बलर. मेच्या पहिल्या पंधरवड्यात ब्लूबेलची फुलंही असतात. ऑक्टोबरात शेवाळ तितकंच छान पण हे पक्षी गेलेले असतात.

मधुरा_के:
सासूबाईंसाठी माझ्याकडे उत्तर आहे 🙂 पोर्थमॅडॉगहून फेस्टिनिओगची वाफेची छोटी गाडी. १८३६ मध्ये खाणीतला पाटीचा दगड (स्लेट) बंदरावर आणायला सुरू केलेली लाइन, आता टुरिस्ट. ती माइनटूरोगच्या ओकच्या रानातून डोंगर चढत जाते, म्हणजे खिडकीत बसूनच तेच जंगल, फांद्या हाताला लागतील इतक्या जवळ. तान-अ-बुल्खला उतरा, स्टेशनात कॅफे आहे, सासूबाई चहा घेत बसतील, जवळच लिन माइर तळं आणि त्याच्या वर ओकचं रान, सासरे तिकडे. माझ्या सासूबाईंना तर जंगलापेक्षा इंजिनच जास्त आवडलं, मेला गर्दी असते म्हणून तिकीट आधी काढा.

बर्मिंगहॅमहून पोर्थमॅडॉग चार तासांच्या वर आहे हं, एका दिवसात जाऊन यायचा विचारही करू नका.

रानभूल:
हे भारी सुचवलंस, आम्हा पायपिटेवाल्यांच्या डोक्यात गाडी येतच नाही.

सासऱ्यांना एक आधीच सांगून ठेव, जुनं म्हणजे न तोडलेलं नव्हे. इथे १६०० सालापासून सलग जंगल असलं की प्राचीन म्हणतात. पण मधल्या काळात ओकची साल कातडं कमवायला जायची, लाकडाचा कोळसा लोखंडाच्या भट्टीला. बुंध्यापाशी तोडायचे, त्यातून फुटवे यायचे, म्हणून एकाच बुडातून चार-पाच बारीक खोडं दिसतात. अवाढव्य वृक्षांची अपेक्षा ठेवून गेले तर हिरमुसतील. शिवाय मेंढ्या रोपं खाऊन टाकतात, काही रानांत म्हातारी झाडं आहेत आणि पोरंच नाहीत. मला तर आपल्या देवराईपेक्षा हे जास्त कासावीस करतं. आणि जांभळ्या फुलांची सुंदर झुडपं दिसली तर कौतुक करू नका, तो ऱ्होडोडेंड्रॉन आहे, बाहेरून आणलेला, खाली काही उगवू देत नाही, नॅशनल पार्कवाले वर्षानुवर्षं तो उपटतायत.

निशा_ऑफलाइन:
इतकं लांब कशाला? बर्मिंगहॅमहून माखन्लेथ सरळ ट्रेन आहे, तिथून अॅबरिस्टविथच्या बसने अनिस-हीर. आरएसपीबी या पक्षीसंरक्षण संस्थेचं अभयारण्य, ओकचं रान आणि खाली डोवी नदीची खाडी, दोन्ही एकदम. बीबीसीचा स्प्रिंगवॉच हा निसर्गावरचा टीव्ही कार्यक्रम २०११ ते २०१३ इथूनच व्हायचं. मेंबर नसाल तर तिकीट पडतं. काही वाटा चढाच्या आहेत पण सगळ्या नाहीत, आत शिरताना काउंटरवर सपाट वाट कुठली ते विचारून घ्या.

रविवारी मात्र जाऊ नका, त्या भागात रविवारच्या बसचं काही खरं नाही.

सानिका_बर्मिंगहॅम:
अरे वा, केवढं सांगितलंत सगळ्यांनी! भिंगाचं ऐकून सासरे व्हिडिओ कॉलवरच उठून कपाट उघडायला गेले. तर शुक्रवारी अनिस-हीर, रात्री माखन्लेथ, शनिवारी तीच ट्रेन पुढे पोर्थमॅडॉग आणि तान-अ-बुल्ख. गानलुइड सोडतेय, सासूबाईंसाठी. अजून काय सोबत घेऊ? साडीवर बूट चालतील का असं विचारतायत त्या 😄

मधुरा_के:
बूट चालतील, साडी नको. ओलं गवत आणि गोचिड्या! मेमध्ये असतातच. पँट मोज्यात खोचायची, रात्री गुडघ्यामागे, काखेत बघायचं, चिकटलेली दिसली तर बारीक चिमट्याने कातडीच्या अगदी जवळ धरून सरळ ओढायची, तेलबिल लावायचं नाही. नंतर काही आठवड्यांत तिथे लाल चट्टा पसरत गेला तर जीपीला (फॅमिली डॉक्टर) दाखवायचं, गोचिडीतून होणारा लाइम डिसीज असू शकतो.

ट्रेकवेडा:
छत्री नको, रेनजॅकेट घ्या. आणि नकाशा फोनवर आधीच डाउनलोड करा, घळीत रेंज जाते. बाकी कोइड-अ-ब्रेनिन वाईट नाहीये हां, उगाच.

रानभूल:
नाहीच आहे. सायकल घेऊन जा 😀