मायणीच्या तलावावरील पक्षी ७०-३०० लेन्सने धूसर का येतात?

खटावकर: नमस्कार. माझ्याकडे क्रॉप सेन्सरचा, म्हणजे लहान सेन्सरचा, कॅमेरा असून त्यासाठी मी नुकतीच एक जुनी, स्वस्तातील ७०-३०० मि.मी., एफ/४-५.६ लेन्स घेतली आहे. तिच्यात स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरणारी सोय) नाही. सातारा जिल्ह्यातील मायणीच्या तलावावर काढलेले रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांचे फोटो ३०० मि.मी.ला धूसर येतात, २०० पर्यंत मात्र बरे दिसतात. हा दोष लेन्सचा समजावा की माझ्या पद्धतीचा?

कृष्णाकाठ: आधी घरीच तपासून घ्यावे. कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवून, दोन सेकंदांचा सेल्फ-टायमर लावून, समोरच्या दुकानाच्या पाटीचा फोटो ३०० मि.मी.ला एकदा एफ/५.६ वर (अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्समधले प्रकाशाचे छिद्र, पूर्ण उघडे) आणि एकदा एफ/८ वर (छिद्र थोडे लहान) काढा. एफ/८ वर अक्षरांच्या कडा स्वच्छ आल्या, तर लेन्सला नावे ठेवण्याचे कारण नाही, कारण या किमतीच्या बहुतेक झूम लेन्स शेवटच्या टोकाला पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरवर थोड्या सॉफ्ट, म्हणजे किंचित धूसरच असतात.

त्यानंतर शटरच्या वेगाकडे पाहा. १.५ पट क्रॉपवर ३०० मि.मी.चा दृश्यकोन ४५० मि.मी.सारखा होतो, त्यामुळे हातात धरून १/५०० सेकंद ही किमान मर्यादा ठरते. मी स्वतः १/१००० च्या खाली जात नाही आणि पक्षी उडत असेल तर १/२००० ठेवतो. त्यासाठी आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता) ८०० किंवा १६०० पर्यंत गेला तरी चालेल. दाणेदार फोटो नंतर बराच सुधारता येतो, हललेला नाही.

माणदेशी: वेळही महत्त्वाची आहे. ऊन चढले की पाण्यावरची हवा थरथरू लागते आणि मग लाखाची लेन्सही दूरचा पक्षी धूसरच देते. सूर्योदयानंतरचे पहिले दोन तास साधा. अंतर शक्य तेवढे कमी करा, परंतु रोहित माना उंचावून एकत्र दूर चालू लागले की तिथेच थांबा.

औंधकर: लेन्ससोबत स्वस्त यूव्ही फिल्टर (लेन्सपुढे बसवायची काच) आला असेल तर काढून ठेवा. हूड (लेन्सच्या तोंडावर सावली धरणारी कडी) मात्र लावा.

खटावकर: सर्वांचे आभार. दुचाकीवर ट्रायपॉड नेणे गैरसोयीचे होते; दुसरा काही आधार आहे का?

कृष्णाकाठ: जाड कापडाच्या पिशवीत तांदूळ भरून तोंड शिवून घ्या आणि ती बांधावर किंवा गाडीच्या सीटवर ठेवून कॅमेरा टेकवा. आधार लेन्सच्या मागच्या, स्थिर भागाखालीच द्यावा, कारण अनेक जुन्या स्वस्त लेन्सची पुढची नळी फोकस करताना फिरते आणि ती अडली तर मोटरवर ताण येतो.