टायटन म्हणजे दैत्य का?

दांडियाबाजार: भाचा आणि त्याचे मित्र इथे बडोद्यात एक गेम करताहेत. गोष्ट ग्रीक पुराणातली, मजकूर मराठी, तो लिहायचं काम माझ्याकडे. मी टायटनला (तिथल्या देवांच्या आधीच्या पिढीला) 'दैत्य' केलं, मृतांचा राजा हेडीस याच्या राज्याला 'पाताळ', निम्फला (नदी-तळ्यांतल्या देवीला) 'अप्सरा'. परवा भाच्याचा धाकटा भाऊ खेळायला बसला. समोर प्रॉमिथियस आला, डोक्यावर पाटी 'दैत्य प्रॉमिथियस'. पोरानं संवाद उघडलाच नाही, थेट तलवार काढली. माणसाला अग्नी आणून देणारा, पुढची वाट सांगणारा तोच मेला आणि गोष्ट तिथेच अडकली. मुलाचं काही चुकलं असं मला वाटत नाही. शिवाय जायगंटीस वेगळेच, आकाशदेव युरेनसच्या रक्तातून भूमीच्या पोटी जन्मलेले. दैत्य हा शब्द यांना द्यायचा की त्यांना? एकदा ठरलेला शब्द शेवटपर्यंत तोच राहायला हवा, म्हणून विचारते.

रावपुरा: दैत्य म्हणजे दितीचे वंशज, एवढंच. प्रल्हाद दैत्य, बळी दैत्य. 'इडा पीडा टळो, बळीचं राज्य येवो' म्हणणारे आपणच ना? शब्द चांगला आहे, ठेवा.

मल्हारगंज: आम्ही इंदूरकर, पण राहवत नाही म्हणून लिहितो. पुराण वाचणाऱ्याला हे पटेल. पाटी वाचणाऱ्याला दैत्य म्हणजे मारायचा, एवढंच कळतं. सरळ 'टायटन' लिहा.

रावपुरा: टायटन म्हटलं की मुलांना घड्याळ आठवतं. आणि सगळी नावं तशीच ठेवायची तर मराठीत गेम करायचा कशाला?

सयाजीबाग: अमरकोशात असुरांची नावं पाहा: 'शुक्रशिष्या दितिसुताः पूर्वदेवाः सुरद्विषः'. पूर्वदेव म्हणजे आधी देव होते ते. टायटन क्रोनस आणि त्याची भावंडं नेमकी हीच. देवांचा राजा झ्यूस याच्या आधी सत्ता त्यांची, दहा वर्षांच्या युद्धात ती गेली. त्यांतली थेमिस झ्यूसच्या बाजूला राहिली तरी पूर्वदेवच राहते, शब्दात चांगलं-वाईट काही येत नाही. जायगंटीसना खुशाल दानव म्हणा.

दांडियाबाजार: किती नेमका शब्द! वाचून अंगावर काटा आला. पण भाच्याला दाखवला तर तो म्हणाला, "पूर्व दिशेचा देव का, मावशी?"

मल्हारगंज: हेच म्हणतो मी. कोशातून उतरवलेला शब्द समजावून सांगावा लागतो.

सयाजीबाग: समजावला की रुळतो. आपल्याच गावात १९३१ साली श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू निघाला. कारभारातल्या एकेका इंग्रजी शब्दासमोर गुजराती, मराठी, संस्कृत, फारसी, हिंदी प्रतिशब्द ओळीनं मांडलेले. सयाजीराव महाराजांनी लोक हसतील म्हणून काम थांबवलं नाही. ताई, तुम्हीही आधी असा तक्ता करा. एक शब्द बदलला की शेजारचे हलतात.

मल्हारगंज: त्या तक्त्यात फारसीही आहे, हे विसरू नका. आणि ग्रीक आपल्याकडे आधीच आहे. ड्राख्मा हे ग्रीक नाणं, त्याचा द्रम्म, त्याचा आपला दाम. केंद्र ग्रीक, सुरुंगही ग्रीक. मृतांना नदीपार नेणाऱ्या कॅरन नावाड्याला नाणं द्यायचं असेल तिथे 'दाम' लिहा, शब्द आपल्या घरी आल्यासारखा वाटेल.

दांडियाबाजार: 'दाम' घेतला. कॅरनचं नाणं खरं तर ओबोल, ड्राख्माचा सहावा हिस्सा, पण चालेल. नदी वैतरणी करू का?

रावपुरा: वैतरणी म्हटलं की गायीचं शेपूट धरून ओलांडणं आठवतं, होडी नव्हे. आणि 'पाताळ' आधी काढा. विष्णुपुराणात नारद पाताळ पाहून येतो आणि स्वर्गाहून सुंदर म्हणतो. मेलेल्यांच्या सावल्या फिरतात तो यमलोक.

सयाजीबाग: तिथल्या कुत्र्याला मग शबल म्हणा. यमाच्या दोन कुत्र्यांतला एक. सर्बेरस आणि शबल मुळात एकच शब्द.

मल्हारगंज: ती जुनी जुळणी आहे, ध्वनिनियमांत बसत नाही. शिवाय शबलाला डोकं एक आणि डोळे चार, सर्बेरसला डोकी तीन. चित्र काढणाऱ्यानं काय काढायचं?

वाडी: मला निम्फबद्दल बोलायचंय. अप्सरा म्हटलं की राजवाड्यातल्या रविवर्म्याच्या चित्रांसारखी नटलेली बाई डोळ्यांपुढे येते. नदीतली निम्फ म्हणजे आपल्या साती आसरा. माझी आजी कोकणातून लग्न होऊन इथे आली. आमच्या वाड्यातल्या विहिरीत डोकावलं की दंडाला धरून मागे ओढायची, "आसरा नेतील". काठावर शेंदूर लावलेले सात खडे तिनंच मांडले होते. हायलस नावाचा ग्रीक तरुण पाणी भरायला गेला आणि निम्फांनी ओढून नेला, ही गोष्ट मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला आमची विहीरच दिसली.

रावपुरा: शब्द मूळचा अप्सराच आहे, झिजलेला.

वाडी: झिजताना पार बदलला. तो बदलच तर हवाय.

मल्हारगंज: पण आसरा म्हणजे आश्रयसुद्धा. पाटी वाचून मुलं तिथे लपायला जातील.

दांडियाबाजार: मग 'साती आसरा' असंच पूर्ण लिहिते. पण आमच्या गेममध्ये तळ्यावर एकटीच येते. एकीला काय म्हणायचं?

वाडी: आठवून पाहिलं. आजी एकीबद्दल कधी बोललीच नाही. कायम 'त्या'.