मदत हवी आहे: अतिशीत पाण्याची उष्णतावाहकता कशी मोजावी?

शून्याखाली जाऊनही न गोठलेल्या पाण्याची उष्णतावाहकता मोजायची आहे. पद्धत नेहमीचीच: पाण्यात प्लॅटिनमची बारीक तार, तिला अगदी थोडा वेळ वीजप्रवाह, आणि तारेच्या रोधावरून तापमानवाढ. ही वाढ वेळेच्या लॉगॅरिदमसमोर मांडली की उतारावरून वाहकता निघते. २५ अंशांना ०.६१ वॅट प्रति मीटर केल्विनच्या जवळपास उत्तर येतं, म्हणजे मांडणी ठीक असावी.

घोडं अडतं ते उणे ८ च्या खाली. पाणी अचानक गोठतं, गोठताना ग्रॅममागे ३३४ ज्यूलपर्यंत उष्णता सुटते आणि ते वाचन वायाच जातं. पाणी गाळलेलं, आयनमुक्त आहे. मला संशय तारेच्या पृष्ठभागाचा आहे, गोठणं तिथूनच सुरू होत असावं. त्यावर पातळ लेप दिल्यास फरक पडेल का? की नमुनाच कमी घ्यावा?

दुसरं, ४ अंशांखाली पाणी तापवलं की आकसतं, म्हणजे तारेजवळचं पाणी वर न जाता खाली बसणार. आलेखाचा शेवट वाकतो तो यामुळेच ना? सध्या तेवढा भाग सोडून उतार काढतो, पण किती सोडायचा हे नजरेनेच ठरवतोय. नेमका निकष कोणी वापरता का?