मदत हवी आहे: २०२० च्या द्राक्ष निर्यातीतली घट, मागणीची की बंदराची?

कोविडचा निर्यातक्षेत्रांवरचा परिणाम क्षेत्रवार मांडतोय. एप्रिल २०२० मध्ये देशाची एकूण मालनिर्यात डॉलरमध्ये आदल्या वर्षीपेक्षा सुमारे ६० टक्क्यांनी घसरली. पण हा आकडा सगळ्यांना एकाच मापाने मोजतो. हिरे-दागिने जवळपास ठप्प झाले, औषधं तगली.

अडलंय ताज्या द्राक्षांपाशी (एचएस ०८०६१०, म्हणजे व्यापाराच्या नोंदीतला मालाचा सांकेतिक क्रमांक). हंगाम जानेवारी ते एप्रिल, टाळेबंदी २५ मार्चला, म्हणजे फटका ऐन शेवटच्या टप्प्यात. मजूर, ट्रक, रीफर (थंड ठेवणारे) कंटेनर सगळंच एकदम अडलं.

मूल्य आणि वजन वेगळं काढून प्रतिकिलो दर पाहिला. २०२१ शी तुलना मुद्दाम टाळली, कारण २०२० चा पाया खालावल्याने वाढ फुगून दिसते. २०१७ ते २०१९ च्या त्याच महिन्यांची सरासरी घेतली. देशवार आकडेही फसवे आहेत: नेदरलँड्सच्या रॉटरडॅम बंदरात उतरलेला माल पुढे जर्मनीला गेला तरी आपल्याकडे नोंद बहुतेकदा नेदरलँड्सचीच.

साप्ताहिक विकत डेटा परवडणारा नाही, मोफत मासिक आकडेच वापरायचे आहेत. त्यात निर्यातीचा महिना सीमाशुल्क मंजुरीच्या तारखेवरून ठरतो की जहाज सुटल्याच्या? आणि एवढ्यावरून बंदरातला उशीर आणि युरोपातली घटलेली मागणी वेगळी कशी काढावी?