मदत हवी आहे: मुलाचा दमा, वाढतं वजन आणि आतड्यातले जिवाणू

मुलगा ९ वर्षांचा, वजन ४६ किलो, उंची १३२ सेंमी. दम्यासाठी बुडेसोनाईडचा (श्वासनलिकांची सूज कमी करणारं स्टिरॉइड) पंप स्पेसर (औषध नीट ओढता यावं म्हणून लावायची नळी) लावून रोज चालू आहे. तो बंद करायचा विचार अजिबात नाही. जन्म सिझेरियनने, पहिल्या वर्षात बऱ्याचदा अँटिबायोटिक द्यावं लागलं. थायरॉईड नॉर्मल, दुधा-अंड्याची ॲलर्जी नाही.

कॅनडातल्या बाळांच्या एका अभ्यासाबद्दल (२०१५) वाचलं. तीन महिन्यांच्या ज्या बाळांच्या शौचात फीकॅलिबॅक्टेरियम, लॅक्नोस्पायरा, व्हेलोनेला आणि रोथिया हे जिवाणू कमी होते, त्यांना दम्याचा धोका जास्त दिसला. शिवाय तंतुमय अन्नापासून आतड्यातले जिवाणू ब्युटिरेट नावाचं आम्ल बनवतात आणि ते सूज आटोक्यात ठेवायला मदत करतं. लठ्ठपणातही शरीरात अशीच सौम्य सूज असते म्हणे. पण हे पुरावे बहुतेक तान्ह्या बाळांचे नाहीतर उंदरांचे. माझा मुलगा तर चौथीत आहे!

बिस्किटं आणि पाकिटातला ज्यूस बंद केलाय. ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, घरचं ताक रोज. पोट साफ होतं, वजन मात्र हलत नाही. पळाला की धाप लागते, म्हणून खेळ कमी, म्हणून वजन... हे चक्र तोडायचंय. डॉक्टर प्रोबायोटिक (उपयोगी जिवाणूंच्या) पावडरबद्दल "देऊन बघा" एवढंच म्हणाले. शौचाची जिवाणू-तपासणी महाग आहे. उपचार बदलणार नसतील तर करायची नाही.

या वयात प्रोबायोटिकने दम्यात खरंच फरक पडतो का, की तो खर्च सोडून आहार आणि वजनावरच जोर द्यावा? आणि धाप लागणाऱ्या मुलाला व्यायाम सुरू करताना तुमच्या बालरोगतज्ज्ञांनी नेमकं काय सांगितलं?